पाळीच्या कपड्याचा इतिहास : कुरसुफ ते कापडी पॅड

उर्दूत पाळी आलेल्या बाईबद्दल बोलताना एक जुना वाक्प्रचार वापरला जायचा, ‘कपड़ों से होना’. आता तो फारसा कानावर पडत नाही, जुन्या कोशांत मात्र सापडतो. संस्कृतात तैत्तिरीय संहितेनं अशा बाईसाठी ‘मलवद्वासस्’ हा शब्द वापरलाय. म्हणजे जिचं वस्त्र मळलेलं आहे ती. दोन वेगळ्या भाषा, दोन वेगळ्या परंपरा, मध्ये दोन हजारांहून जास्त वर्षांचं अंतर. तरी दोन्हीकडं बाईला नाव मिळालंय ते रक्तावरून नाही, कपड्यावरून.

पण या कपड्याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. पैठणी संग्रहालयात आहे, औरंगाबादचा हिमरू आहे, तलवारीच्या म्यानाचं मखमल आहे. हा कपडा कुठं असणार? तो फाटेस्तोवर वापरला गेला आणि मग पुरला किंवा जाळला गेला. ज्या वस्तूचा मागमूस राहू नये याची काळजी घरातली प्रत्येक बाई घेते, तिचा पुरावा मिळणं अवघडच. त्यामुळे मी शोध सुरू केला तेव्हा मला सगळ्यात जास्त मजकूर जिथं मिळाला ती जागा सांगितली तर काही वाचकांना आश्चर्य वाटेल. तो मिळाला हदीस आणि फिकहच्या ग्रंथांत.

कारण साधं आहे. नमाजसाठी शरीर आणि कपडा पाक लागतो. मग कपड्याला रक्त लागलं तर काय, पाळी कधी संपली हे कसं ओळखायचं, रक्त थांबतच नसेल तर नमाज कशी पढायची, हे प्रश्न विचारावेच लागत होते. मदिनेतल्या बायकांनी ते विचारले, तेही थेट प्रेषित मुहंमद (स.) यांना. उत्तरं पाठ झाली, पुढं लिहिली गेली. सहीह बुखारीत ‘किताबुल हैज’ असं वेगळं प्रकरणच आहे.

त्यातली हजरत अस्मा बिन्ते अबू बकर (र.) यांची हदीस घ्या. एका बाईनं विचारलं, कपड्याला पाळीचं रक्त लागलं तर काय करायचं? उत्तराचा आशय असा : आधी ते खरवडून काढा, मग पाणी घेऊन बोटांनी चोळा, मग वरून पाणी ओता आणि त्याच कपड्यात नमाज पढा. उम्मे कैस बिन्ते मिहसन (र.) यांना मिळालेलं उत्तर याहून तपशीलवार आहे. काडीनं खरवडा आणि पाण्यात बोरीचा पाला घालून धुवा. बोरीच्या पाल्याला फेस येतो, त्या काळचा तो साबणच. अबू दाऊद यांच्या संग्रहात आणखी एक प्रसंग आहे. खैबरच्या वाटेवर गिफार कबिल्यातल्या एका मुलीला उंटावर बसलेली असतानाच पहिली पाळी आली आणि खोगिराला डाग लागला. ती लाजून अंग चोरून बसली. प्रेषितांनी ओळखलं, विचारलं आणि पाण्यात मीठ घालून डाग धुवायला सांगितलं. मुहद्दिसांनी या हदीसच्या सनदीवर शंका घेतलेली आहे, ते बरोबरच. पण असा प्रसंग सांगावा, लिहून ठेवावा असं तेव्हाच्या लोकांना वाटलं, हेसुद्धा इतिहासात मोजायला हवं.

मला सर्वांत जवळची वाटते ती खौला बिन्ते यसार (र.) यांची गोष्ट. त्यांच्याकडं कपडा एकच होता. पाळीतही तोच आणि नमाजलाही तोच. धुऊन घे आणि त्यातच नमाज पढ, असं उत्तर मिळालं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला : धुऊनही डाग राहिला तर? पाणी पुरेसं आहे, राहिलेल्या खुणेनं काही बिघडत नाही, असा त्याचा जबाब. याही सनदीवर चर्चा झालेली आहे, पण नियम म्हणून फिकहनं तो उचलला. नीट धुतल्यावर जो डाग निघत नाही तो नापाकी नाही. आज कितीतरी मुली चांगला कपडा केवळ डाग दिसतो म्हणून फेकून देतात. त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

या सगळ्याचं वेगळेपण कळायला शेजारी एक दुसरी गोष्ट ठेवून पाहावी. अलेक्झांड्रियाची तत्त्वज्ञ आणि गणिती हायपेशिया इसवी सन ४१५ मध्ये मारली गेली. तिच्याबद्दल पुढच्या शतकातल्या दमास्कियसनं एक कथा सांगितली आहे. एक विद्यार्थी तिच्या प्रेमात पडला, तेव्हा तिनं त्याला आपले पाळीचे कपडे दाखवले आणि तू ज्यावर भुललास ते हे आहे, असं सुनावलं. कथा खरी असो वा नसो, त्यात तो कपडा किळस आणण्यासाठी येतो. त्यानंतर साधारण दोनशे वर्षांनी मदिनेत उम्मे सलमा (र.) सांगतात, की त्या प्रेषितांसोबत एका चादरीत पहुडलेल्या असताना त्यांना पाळी आली. त्या हळूच उठल्या, पाळीचे वेगळे ठेवलेले कपडे घातले. प्रेषितांनी विचारपूस केली आणि त्यांना पुन्हा चादरीत बोलावून घेतलं. इथं तो कपडा म्हणजे घरातली एक वस्तू आहे, एवढंच. मदिनेत तेव्हा पाळीतल्या बाईला जेवणाखाण्यापासून वेगळं बसवणारे लोकही होते, त्यामुळे हा निर्णय सहज झालेला नव्हता.

अरबीत पाळीसाठी वापरायच्या कापसाला ‘कुरसुफ’ म्हणतात. हमना बिन्ते जहश (र.) यांना रक्तस्राव थांबत नसे. त्यांना आधी कुरसुफ वापरायला सांगितलं. त्यानं भागत नाही म्हटल्यावर कपडा घट्ट बांधायचा सल्ला मिळाला. पाळी म्हणजे हैज, आणि असा आजारातला स्राव म्हणजे इस्तिहाजा, हा फरक तिथूनच पुढं फिकहमध्ये आला. इस्तिहाजा असलेल्या बाईला नमाज माफ नाही, ती कपडा बांधून, वुजू करून पढते. आज डॉक्टर ज्याला अनियमित रक्तस्राव म्हणतात त्याची नोंद ठेवायची सवय या नियमांनी बायकांना लावली.

हा कपडा दिनदर्शिकेचंही काम करत होता. इमाम मालिक यांच्या मुवत्तात आहे, की बायका छोट्या डब्यांत पिवळसर डाग असलेला कापूस घालून हजरत आयेशा (र.) यांच्याकडं पाठवायच्या आणि विचारायच्या, आता नमाज सुरू करू का? त्या सांगायच्या, घाई करू नका, पांढरा स्राव दिसेपर्यंत थांबा. त्याच ठिकाणी मध्यरात्री दिवे मागवून कपडा तपासणाऱ्या बायकांचीही हकीकत आहे. हजरत जैद बिन साबित यांच्या मुलीला ते आवडलं नव्हतं. आमच्या वेळी बायका असला जाच करून घेत नव्हत्या, असं तिचं म्हणणं. पाकीचा वहिमपणा तेव्हाही होता, आणि त्याला हटकणारी बाईही होती.

दिवस मोजण्याबाबत पुढं मजहबांत मतभेद झाले. हनफी हिशोबानं पाळी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवस. शाफईंमध्ये ती एका दिवस-रात्रीपासून पंधरा दिवसांपर्यंत. आपल्या कोकणातले मुस्लिम शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. म्हणजे रत्नागिरीची मुलगी कोल्हापुरात सून होऊन आली तर अकराव्या दिवशी सासू-सुनेचा हिशोब जुळणार नाही. अशा प्रश्नांवर घरात बोलावंच लागतं, आणि पूर्वी बोललं जातही होतं.

मग ते बोलणं बंद कधी झालं? याची तारीख सांगता येणार नाही. पण एक विसंगती दाखवता येते. मौलाना अशरफ अली थानवी यांचं ‘बहिश्ती जेवर’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं. आपल्याकडं कित्येक मुलींना ते जहेजमध्ये कुराणाबरोबर दिलं गेलं. त्यात पाळीच्या कपड्याला शब्द आहे ‘गद्दी’. गद्दी ठेवली तशीच पांढरी दिसेपर्यंत पाळी समजायची, लाल, पिवळा, मातकट असा कोणताही रंग आला तरी ती पाळीच, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. पुस्तक कपाटात, रेशमी बासनात. आणि त्याच घरातली मुलगी ती गद्दी पलंगाखाली, ओल्या परकराच्या आत, न्हाणीच्या दोरीवर टॉवेलखाली वाळवते. रमजानात तिला रोजा माफ असतो, तरी ती भाऊ आणि अब्बांसमोर रोजा असल्यासारखं तोंड करून वावरते, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाठ फिरवून पाणी पिते. सहरीला उठून जेवायचं नाटक करते. हे तिला कुठल्या हदीसनं शिकवलं?

माझ्या मते एक कारण असं, की प्रश्न विचारणाऱ्या बायका होत्या तोवर ज्ञान जिवंत होतं. पुढं त्याच प्रश्नांवर हजारो पानं पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिली. हजरत आयेशा (र.) अन्सार बायकांची स्तुती करायच्या ती यासाठी, की दीन समजून घेताना लाज त्यांच्या आड येत नाही. आपण त्यातली लाज तेवढी उचलली. दुसरं कारण आपल्या परिसरातलं. विटाळाच्या कल्पना आपण शेजाऱ्यांकडून जशाच्या तशा घेतल्या. लोणच्याला हात लावू नको म्हणणाऱ्या खाला आणि मावशीत मला कधी फरक दिसला नाही.

तिसरं कारण मात्र लाजेचं नाही, कापडाचं आहे. ते सहसा कुणी सांगत नाही. आजीच्या काळात घरातलं लुगडं सुती होतं. आठ-दहा वर्षं नेसून, शेकडो धुण्यांनंतर ते इतकं मऊ व्हायचं, की त्याच्या घड्यांहून चांगली गद्दी दुसरी नव्हती. मालेगाव, भिवंडीच्या मागांवर आपल्याच लोकांनी ते विणलं. पुढं टेरिलीन आलं, पॉलिस्टर आलं. साडी टिकाऊ झाली, स्वस्त झाली, वाळायला सोपी झाली. पण पॉलिस्टर पाणी शोषत नाही. जुनी साडी फाडून घ्यायची रीत तशीच राहिली आणि साडी बदलली. कपडा ओला राहायला लागला, मांड्या सोलवटायला लागल्या, आणि बायकांचं मत झालं की कापड वाईट.

बाजारातल्या पॅडची कथाही लाजेतूनच जाते. अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सननं १८९०च्या दशकात ‘लिस्टर्स टॉवेल’ विकायला काढले, ते चालले नाहीत. दुकानात मागायचं कसं, हा प्रश्न तिथंही होताच. पहिल्या महायुद्धात जखमांच्या पट्ट्यांसाठी लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखा पदार्थ तयार झाला. तो कापसाहून स्वस्त आणि जास्त शोषणारा होता. लढाईवरच्या परिचारिकांनी तो पाळीसाठी वापरून पाहिला. युद्ध संपल्यावर उरलेल्या मालाचं काय करायचं या विचारातून १९२०मध्ये ‘कोटेक्स’ बाजारात आलं. पुढं त्यात प्लास्टिकचा थर आणि ओल धरून ठेवणारी रासायनिक भुकटी आली. आपल्याकडं पोचेपर्यंत त्याला वर्तमानपत्राचं वेष्टण आणि काळी पिशवी चिकटली होती. दोरीवरची लाज दुकानात गेली, एवढाच बदल.

मी पॅडच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. ज्या वस्तीत नळाला चार दिवसांनी पाणी येतं, जिथं न्हाणीला कडी नाही, तिथं रोज कपडा धुवा असं सांगणं म्हणजे त्या बाईची चेष्टा आहे. शाळा-कॉलेजच्या मुलींना पॅडनं मोकळं केलंय. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी ६४ टक्के पॅड वापरतात असं आलं. कपडा वापरणाऱ्याही ५० टक्के आहेत. बेरीज शंभरावर जाते, कारण कित्येक जणी दोन्ही वापरतात. बाहेर जाताना पॅड, घरी कपडा. म्हणजे देशातल्या निम्म्या तरुण मुली आजही कपडा वापरतात, आणि सगळी धोरणं तो नाहीच असं धरून चालतात. २०१७मध्ये पॅडवर १२ टक्के जीएसटी लागला, आंदोलनं झाली, जुलै २०१८मध्ये तो गेला. महाराष्ट्र सरकारनं ८ मार्च २०१८ला ‘अस्मिता’ योजना आणली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड. चांगलंच झालं. पण ज्या गावात घंटागाडी येत नाही तिथं ही पॅड टाकायची कुठं, याचं उत्तर योजनेत नव्हतं.

शहरात उत्तर आहे, पण ते दुसऱ्याच्या हातावर आहे. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं २०१३मध्ये वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरून थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवल्या होत्या. रोज हे उघड्या हातांनी वेगळं करणाऱ्या बहुतेक बायका दलित आहेत. आपला विटाळ आपण पुसला आणि तो त्यांच्याकडं सरकवला.

इथं आपल्या घरांतली आणखी एक रीत सांगायला हवी. कितीतरी मुस्लिम बायका वापरलेलं पॅड फेकण्याआधी धुतात. मलेशिया आणि इंडोनेशियातही हे सर्रास चालतं. रक्त तसंच उघड्यावर टाकू नये, हा त्यामागचा विचार. त्याला आधारही आहे. औरंगजेबाच्या काळात शेख निजाम बुऱ्हाणपुरी यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या ‘फतावा-ए-आलमगिरी’त पुरायच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : नखं, केस, पाळीचा कपडा आणि रक्त. सुती कपडा पुरला तर काही महिन्यांत माती होतो. प्लास्टिकचं पॅड धुऊन पुरलं तर ते आपल्या नातवंडांनाही सापडेल. आणि जे धुवायचंच आहे, ते एकदा धुऊन फेकण्यापेक्षा पन्नासदा धुऊन वापरता येईल असं का नसावं?

कपड्यानं आजार होतो, असं सांगितलं जातं. ते पूर्ण खोटं नाही. ओडिशात झालेल्या अभ्यासांत पुन्हा वापरायचा कपडा घेणाऱ्या बायकांत जंतुसंसर्गाचं प्रमाण जास्त दिसलं होतं. पण त्याच भागातला २०१८चा अभ्यास पुढचं सांगतो : कपडा घराच्या आत वाळवणाऱ्या आणि संडासाच्या आडोशाला लपवून ठेवणाऱ्या बायकांत बुरशीचा संसर्ग जास्त होता. अपराधी धागा नाही, अंधार आहे.

आता कापडी पॅड शिवायचं म्हणाल तर ते आपल्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही शिलाईवालीला एका दुपारी जमेल. वरचा थर मऊ सुती, फलालीन असेल तर उत्तम. आत जुन्या टॉवेलचे किंवा सुती लुगड्याचे तीन-चार थर, मधोमध जास्त, कडेला कमी. खाली घट्ट विणीचं सुती. दोन्ही बाजूंना पंख आणि टिच बटण, म्हणजे सरकत नाही. कापड कोरं असेल तर आधी दोनदा धुवून खळ काढावी, नाहीतर ते शोषत नाही. चार ते सहा तासांनी बदलावं, जास्त जात असेल तर लवकर. अशी सहा-आठ लागतात. धुताना आधी थंड पाणी. गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का बसतो. भिजवून, चोळून, मग साबण, मग स्वच्छ पाणी. अस्मा (र.) यांच्या हदीसमधला क्रम जवळपास हाच आहे. आणि मग कडक ऊन.

ओळखीतल्या काही बायकांनी मागच्या उन्हाळ्यात अशी पॅड शिवायला घेतली, मीही गेले होते. शिवण सोपी होती, कापड निवडताना मात्र वाद झाला. मुलींना काळं नाहीतर गर्द फुलांचं हवं होतं, डाग दिसायला नको आणि गच्चीवर कुणाला कळायला नको. सत्तरीतल्या एक खाला पांढऱ्याशिवाय ऐकेनात. रंग दिसला नाही तर पाळी संपली हे कळणार कसं, नमाज कधी धरणार, हा त्यांचा मुद्दा. बराच वेळ बोलणं झालं, त्यात ज्या गोष्टी एरवी तोंडावर येत नाहीत त्याही आल्या. एकीनं अकराव्या दिवसाचं विचारलं, दुसरीनं न निघणाऱ्या डागाचं. शेवटी अंगाकडची बाजू पांढरी आणि खालची फुलांची, असं ठरलं.